गिट स्टेटस नीट वाचायला शिका: फाइल नेमकी कुठे अडकली आहे ते ओळखा

गिट, म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास जपणारं सॉफ्टवेअर, वापरायला लागून मला जेमतेम महिना झाला होता. एका फाइलमधली चूक दुरुस्त केली, फाइल स्टेज केली (पुढच्या नोंदीसाठी घेतली) आणि कमिट करण्याआधी (ती नोंद इतिहासात पक्की करण्याआधी) पुन्हा एकदा वाचून पाहिली, तर आणखी एक चूक सापडली. तीही दुरुस्त केली, फाइल सेव्ह केली, कमिट केलं आणि बदल पाठवून दिले. तासाभरात सहकाऱ्याचा निरोप आला, "दुसरी चूक तशीच आहे." माझ्यासमोर फाइल उघडी होती आणि तिच्यात ती चूक नव्हती. त्याच्यासमोरही तीच फाइल उघडी होती आणि तिच्यात ती होती.

कमिट करण्याआधी मी गिट स्टेटस, म्हणजे कोणती फाइल कोणत्या अवस्थेत आहे ते सांगणारी कमांड, चालवलं होतं. त्यात त्या फाइलचं नाव दोनदा आलं होतं, एकदा हिरव्या रंगात आणि एकदा लाल. दोनदा का आलं, हे मला कळलं नाही आणि मी पुढे गेलो. उत्तर डोळ्यांसमोर होतं, फक्त ते वाचता येत नव्हतं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

सुरुवातीला काय हवं

- गिट बसवलेला संगणक. आवृत्ती २.२३ किंवा त्यानंतरची असावी. ती बघायला: गिट --व्हर्जन
- टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. विंडोजवर गिटबरोबर येणारं गिट बॅश चालेल.
- साधा टेक्स्ट एडिटर.
- सरावासाठी एक रिकामा फोल्डर. कामाच्या प्रोजेक्टवर पहिले प्रयोग करू नका.

या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. जिथे एक आडवी रेघ आहे तिथे एक, जिथे दोन आहेत तिथे दोन.

१. आधी तीन जागा डोक्यात बसवा

ही पायरी घाईने ओलांडू नका. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

गिटच्या दृष्टीने तुमची फाइल एका वेळी तीन ठिकाणी असू शकते आणि तिन्ही ठिकाणी तिचा मजकूर वेगळा असू शकतो.

पहिली जागा म्हणजे तुमचा फोल्डर. एडिटरमध्ये उघडता, बदलता, सेव्ह करता ती हीच फाइल. गिट याला वर्किंग ट्री म्हणतं.

दुसरी जागा म्हणजे इंडेक्स, म्हणजेच स्टेजिंग एरिया. पुढच्या कमिटमध्ये काय जाणार, याचा पक्का मसुदा इथे तयार होत असतो. ही काल्पनिक गोष्ट नाही. प्रोजेक्टमधल्या .गिट या लपलेल्या फोल्डरमध्ये इंडेक्स नावाची खरीखुरी फाइल असते.

तिसरी जागा म्हणजे शेवटचं कमिट. तुम्ही ज्या कमिटवर उभे आहात त्याला गिट हेड म्हणतं.

गिट स्टेटस दोन तुलना करतं. हेड आणि इंडेक्स यांत जो फरक असेल तो 'चेंजेस टू बी कमिटेड' या मथळ्याखाली येतो. इंडेक्स आणि फोल्डर यांत जो फरक असेल तो 'चेंजेस नॉट स्टेज्ड फॉर कमिट' या मथळ्याखाली. जी फाइल फोल्डरमध्ये आहे पण इंडेक्समध्ये तिचा पत्ताच नाही, ती 'अनट्रॅक्ड फाइल्स'मध्ये.

आता माझी ती फाइल दोनदा का दिसली ते बघा. गिट अ‍ॅड केल्याच्या क्षणी फाइलमध्ये जो मजकूर होता, त्याची प्रत इंडेक्समध्ये नोंदली गेली. स्टेज करणं म्हणजे हेच. नंतरची दुरुस्ती फक्त फोल्डरमध्ये झाली. म्हणजे हेड आणि इंडेक्स यांत फरक होता आणि इंडेक्स आणि फोल्डर यांतही फरक होता. दोन तुलना, दोन फरक, म्हणून दोन नोंदी. कमिट मात्र इंडेक्समधून होतं, त्यामुळे दुसरी दुरुस्ती मागे राहिली.

गिट अ‍ॅड म्हणजे 'या फाइलवर लक्ष ठेव' असं सांगणं, असा नवख्यांचा समज असतो. माझाही तोच होता. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'ही फाइल आत्ता जशी आहे तशी पुढच्या कमिटसाठी घे' असा आहे. पुन्हा बदललीत तर पुन्हा अ‍ॅड करावं लागतं.

२. तुम्ही योग्य फोल्डरमध्ये आहात ना, ते बघा

गिट स्टेटस चालवल्यावर 'फेटल: नॉट अ गिट रेपॉझिटरी' असं आलं तर घाबरू नका. रेपॉझिटरी म्हणजे गिट ज्याचा इतिहास ठेवतं तो फोल्डर. तुम्ही ज्या फोल्डरमध्ये आहात तिथे किंवा त्याच्या वरच्या कोणत्याही फोल्डरमध्ये .गिट सापडलं नाही, एवढंच ते सांगतं. सीडी कमांडने प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा आणि पुन्हा चालवा.

या संदेशावर उपाय म्हणून जिथे असाल तिथेच गिट इनिट (नवी रेपॉझिटरी सुरू करणारी कमांड) करू नका. घाईत कोणी आपल्या होम फोल्डरमध्येच ते करून बसतं आणि मग कुठूनही स्टेटस चालवलं तरी डाउनलोड, फोटो, डेस्कटॉप सगळं अनट्रॅक्ड म्हणून समोर येतं. अशी अनोळखी यादी दिसली की ही कमांड चालवा:

गिट रेव्ह-पार्स --शो-टॉपलेव्हल

गिट कोणत्या फोल्डरला रेपॉझिटरीचं मूळ समजतंय त्याचा पूर्ण पत्ता मिळेल. तो पत्ता तुमच्या अपेक्षेचा नसेल तर तिथलं .गिट चुकून तयार झालेलं असू शकतं. मात्र ते काढण्याआधी कमिटची यादी दाखवणारं गिट लॉग चालवून त्यात खरंच एकही कमिट नाही, याची खात्री करा. .गिट गेलं की सगळा इतिहास गेला.

३. एका फाइलला हाताशी धरून पूर्ण फेरी मारा

वाचून हे बसत नाही, हाताने करून बसतं. सरावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये गिट इनिट करा आणि 'यादी' नावाची एक टेक्स्ट फाइल बनवा. तिच्यात एक ओळ लिहा, सेव्ह करा. (फाइलचं नाव सध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा, कारण पुढे सांगतो.) आता प्रत्येक पावलानंतर गिट स्टेटस चालवायचं आणि उत्तर सावकाश वाचायचं.

पहिल्यांदा दिसेल 'ऑन ब्रँच' आणि पुढे ब्रँचचं (कामाच्या शाखेचं) नाव, मेन किंवा मास्टर. त्याखाली 'नो कमिट्स येट'. मग 'अनट्रॅक्ड फाइल्स' आणि खाली लाल रंगात तुमची फाइल. गिटला ती दिसते आहे, पण तिची नोंद अजून कुठेच नाही. या अवस्थेत ती उडाली तर गिट ती परत देऊ शकत नाही.

गिट अ‍ॅड आणि फाइलचं नाव द्या. पुन्हा स्टेटस. आता ती हिरवी झाली, वर 'चेंजेस टू बी कमिटेड' आलं आणि नावाआधी 'न्यू फाइल' लिहिलेलं आहे.

इथे कंसातली सूचना वाचा. स्टेटस प्रत्येक मथळ्याखाली पुढे काय करता येईल ते सांगतं आणि त्या सूचना परिस्थितीनुसार बदलतात. पहिलं कमिट व्हायच्या आधी अनस्टेज करण्यासाठी, म्हणजे स्टेज केलेलं मागे घेण्यासाठी, ते 'गिट आरएम --कॅश्ड' सुचवतं, कारण मागे जायला हेडच नाही. पहिल्या कमिटनंतर त्याच जागी 'गिट रिस्टोअर --स्टेज्ड' येतं. कुठून तरी उचललेली कमांड चालवण्याआधी तुमचा स्टेटस स्वतः काय सुचवतोय ते बघा. माझ्या अनुभवात दहातल्या नऊ वेळा तीच कमांड हवी असते.

कमिट करा. स्टेटस म्हणेल, 'नथिंग टू कमिट, वर्किंग ट्री क्लीन'. तिन्ही जागी मजकूर एकसारखा आहे.

आता फाइलमध्ये दुसरी ओळ घाला, सेव्ह करा, अ‍ॅड करा. मग तिसरी ओळ घाला, सेव्ह करा, पण अ‍ॅड करू नका. स्टेटस चालवा. तेच नाव दोनदा दिसेल, हिरवं आणि लाल, दोन्हींपुढे 'मॉडिफाइड'. या पडद्यापाशी थोडं थांबा. हिरवी नोंद दुसऱ्या ओळीची, लाल नोंद तिसऱ्या ओळीची. आत्ता कमिट केलं तर दुसरी ओळ जाईल आणि तिसरी मागे राहील. करून बघा, मग पुन्हा स्टेटस चालवा. हिरवी नोंद गेलेली असेल, लाल तशीच असेल.

एक गोष्ट लक्षात ठेवा: गिट डिस्कवरची फाइल बघतं, एडिटरच्या खिडकीतली नाही. बदल केला पण सेव्ह केलं नाही तर स्टेटसला काहीच कळणार नाही. 'मी बदल केला तरी क्लीन का दाखवतंय' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एडिटरच्या टॅबवर न सेव्ह झालेल्या फाइलच्या खुणेत असतं.

४. छोटं रूप वाचायला शिका

फाइली वाढल्या की लांबलचक उत्तर नको होतं. तेव्हा:

गिट स्टेटस -एस

प्रत्येक फाइलसाठी एकच ओळ, सुरुवातीला दोन रकाने. डावा रकाना इंडेक्सचा, उजवा फोल्डरचा. म्हणजे पहिल्या पायरीतल्या त्याच दोन तुलना, शेजारी शेजारी.

- डावीकडे एम, उजवा रकाना रिकामा: बदल स्टेज झालाय.
- डावा रिकामा, उजवीकडे एम: बदल झालाय, स्टेज नाही.
- दोन्हीकडे एम: स्टेज केल्यावर पुन्हा बदल झालाय. हीच माझी चूक.
- डावीकडे ए: नवी फाइल, स्टेज झालेली.
- ए आणि एम: नवी फाइल स्टेज केली आणि नंतर बदलली.
- डी: काढून टाकलेली. रकान्यावरून कळेल की काढणं स्टेज झालंय की नाही.
- आर: नाव बदललेली.
- दोन प्रश्नचिन्हं: अनट्रॅक्ड.

इथे रिकाम्या जागेला अर्थ आहे. एम अक्षर ओळीच्या अगदी कडेला आहे की एक घर आत सरकलेलं आहे, यावर सगळं अवलंबून. रंग चालू असतील तर डावा हिरवा आणि उजवा लाल असतो, त्यामुळे सोपं जातं. पण उत्तर कॉपी करून कोणाला पाठवलं की रंग जातात, आणि चिकटवताना सुरुवातीची जागाही जाऊ शकते. मदत मागताना म्हणून लांब रूपच पाठवा.

नाव बदलण्याबद्दल थोडं. गिट 'नाव बदललं' अशी नोंद कुठेही ठेवत नाही. एक फाइल गेली, दुसरी आली आणि दोघींचा मजकूर पुरेसा सारखा आहे, यावरून ते अंदाज बांधतं. ठरलेली मर्यादा ५० टक्के साम्याची आहे. म्हणून नाव बदलताना त्याच दमात मजकूरही बराच बदललात तर आर दिसणार नाही, एक डी आणि एक ए दिसेल. नाव आधी बदलून कमिट करावं, मजकूर नंतर बदलावा, असा माझा आग्रह असतो.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते -एस ऐवजी -एसबी. यात वर एका ओळीत ब्रँचचं नावही येतं. चुकीच्या ब्रँचवर काम होणं त्यामुळे बरंच टळतं.

५. स्टेटस 'कोणती' सांगतं, 'काय' ते डिफला विचारा

कोणत्या फाइलमध्ये फरक आहे हे कळलं, आता फरक काय आहे? इथेही त्याच दोन तुलना आहेत.

गिट डिफ: फोल्डर आणि इंडेक्स यांतला फरक, म्हणजे लाल नोंदींचा मजकूर.

गिट डिफ --स्टेज्ड: इंडेक्स आणि हेड यांतला फरक, म्हणजे हिरव्या नोंदींचा मजकूर.

सगळं स्टेज केल्यावर नुसतं गिट डिफ चालवलं तर काहीच दिसत नाही आणि नवखा माणूस हबकतो की बदल गेले कुठे. ते कुठे गेलेले नसतात, --स्टेज्ड लावून बघा. अनट्रॅक्ड फाइलही डिफमध्ये येत नाही, कारण तिची तुलना करायला इंडेक्समध्ये काहीच नसतं.

कमिटच्या आधी स्टेटस आणि लगेच गिट डिफ --स्टेज्ड, ही जोडी मी आता कधीच चुकवत नाही. तपासणीसाठी लिहिलेली एखादी तात्पुरती ओळ, चुकून राहिलेला पासवर्ड, हे सगळं इथेच सापडतं.

६. मागे फिरताना दोन कमांडमधला फरक ओळखा

या दोन कमांड दिसायला जवळजवळ सारख्या आहेत.

गिट रिस्टोअर --स्टेज्ड आणि फाइलचं नाव: हिरवी नोंद लाल होते. इंडेक्समधली प्रत हेडसारखी होते, तुमच्या फोल्डरमधल्या फाइलला धक्का लागत नाही. निर्धास्त वापरा.

गिट रिस्टोअर आणि फाइलचं नाव: लाल नोंद नाहीशी होते. फोल्डरमधली फाइल इंडेक्समधल्या प्रतीने पुसून टाकली जाते. गिट विचारत नाही, खात्री करून घेत नाही. स्टेज न केलेला तो मजकूर गिटने कधीच साठवलेला नसतो, त्यामुळे गिटकडून तो परत मिळत नाही.

हा फरक एका शब्दाचा आहे आणि त्यात दिवसभराचं काम जाऊ शकतं. दुसरी कमांड चालवण्याआधी गिट डिफ बघा आणि 'हे सगळं मला खरंच नको आहे का' हे स्वतःला विचारा. थोडीही शंका असेल तर आधी गिट स्टॅश करा, बदल बाजूला जपून राहतात.

रिस्टोअर ही कमांड गिटमध्ये २०१९ साली, २.२३ या आवृत्तीत आली. त्याआधीच्या लेखांत हीच कामं 'रीसेट हेड' आणि 'चेकआउट' वापरून सांगितलेली आढळतील. ती आजही चालतात, पण नवख्याने रिस्टोअरच वापरावं. एकटी चेकआउट कमांड ब्रँचही बदलते आणि फाइलही पुसते, त्यामुळे हात चुकण्याची शक्यता जास्त.

७. फाइल यादीत दिसायला हवी होती, पण दिसत नाही

अशा वेळी या क्रमाने तपासा.

सेव्ह झाली आहे का? वर सांगितलंच.

इग्नोर होते आहे का? .गिटइग्नोर (कोणत्या फाइलींकडे दुर्लक्ष करायचं ते गिटला सांगणाऱ्या) फाइलमधल्या एखाद्या नियमात ती बसत असेल. कोणता नियम, कोणत्या फाइलमधली कितवी ओळ, हे थेट सांगणारी कमांड आहे: गिट चेक-इग्नोर -व्ही आणि पुढे फाइलचं नाव. ही माहीत नसल्याने लोक तासभर .गिटइग्नोर चाळत बसतात. इग्नोर झालेल्या सगळ्या फाइली एकत्र बघायच्या असतील तर गिट स्टेटस --इग्नोअर्ड.

फोल्डर रिकामा आहे का? गिट फाइलींची नोंद ठेवतं, फोल्डरची नाही. रिकामा फोल्डर स्टेटसमध्ये कधीच दिसत नाही. तो ठेवायचाच असेल तर आत एखादी छोटी फाइल ठेवतात, तिला .गिटकीप म्हणायची पद्धत आहे. ते नाव गिटचं नाही, लोकांनी पाडलेलं आहे.

पूर्ण फोल्डर नवा आहे का? मग आत पन्नास फाइली असल्या तरी स्टेटस फक्त फोल्डरचं नाव आणि तिरकी रेघ दाखवतं. आतलं सगळं बघायला गिट स्टेटस -यूऑल. नव्या फोल्डरला अ‍ॅड करण्याआधी हे जरूर करा. आत काय काय आहे हे न बघता केलेल्या अ‍ॅडमधूनच गुपित किल्ल्या आणि शेकडो एमबीच्या फाइली कमिटमध्ये शिरतात.

बदल स्टॅशमध्ये आहेत का? स्टॅश केलेले बदल स्टेटस आपणहून सांगत नाही. गिट स्टॅश लिस्ट बघा.

आणि एक क्वचित आढळणारं कारण: कोणीतरी त्या फाइलवर 'अ‍ॅझ्यूम-अनचेंज्ड' किंवा 'स्किप-वर्कट्री' ही खूण लावून ठेवलेली असते. मग ती बदलली तरी गिट कानाडोळा करतं. गिट एलएस-फाइल्स -व्ही चालवा. नेहमीच्या फाइलींपुढे कॅपिटल एच असतो. स्मॉल एच किंवा एस दिसला तर कारण सापडलं.

याच्या उलटही होतं. .गिटइग्नोरमध्ये नाव घातलं तरी फाइल 'मॉडिफाइड' म्हणून येतच राहते. इग्नोरचे नियम फक्त अनट्रॅक्ड फाइलींना लागू होतात. जी आधीच कमिट झाली आहे तिला गिट आरएम --कॅश्ड करून नोंदीतून काढावं लागतं, मग कमिट करावं लागतं. --कॅश्ड विसरू नका, नाहीतर फाइल फोल्डरमधूनही जाईल. आणि सोबत काम करणाऱ्यांना आधी सांगा, कारण ते कमिट त्यांनी ओढलं की त्यांच्याकडची ती फाइल जाते. त्या फाइलमध्ये पासवर्ड असेल तर एवढ्याने भागत नाही. तो जुन्या कमिटमध्ये तसाच असतो, म्हणून पासवर्ड बदलणं हाच पहिला उपाय.

८. हातही न लावलेली फाइल बदललेली दिसते

बदल झाला की नाही हे गिट कसं ठरवतं, ते थोडं कळलं की हे कोडं सुटतं. लायनस टॉरवॉल्ड्स यांनी २००५ साली गिट लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नलसारख्या अवाढव्य प्रोजेक्टसाठी. प्रत्येक वेळी हजारो फाइली वाचत बसणं परवडणारं नव्हतं. म्हणून इंडेक्समध्ये प्रत्येक फाइलची शेवटची बदलवेळ, आकार वगैरे माहिती ठेवलेली असते. ती जुळली तर गिट फाइल उघडतच नाही. जुळली नाही तरच मजकूर वाचून त्याचा हॅश (मजकुरावरून निघणारी ठराविक ओळखखूण) काढतं आणि साठवलेल्या हॅशशी ताडून बघतं. त्यामुळे काहीही न बदलता नुसती सेव्ह केलेली फाइल 'मॉडिफाइड' होत नाही. तुम्ही बदल करून पुन्हा हुबेहूब पहिल्यासारखं केलंत तरी स्टेटस क्लीन दिसतं.

मग न बदलता बदललेली दिसते, तेव्हा मजकुरात कुठेतरी खरोखर फरक असतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक वेळा तो ओळीच्या शेवटी असतो. विंडोजवर ओळ संपताना दोन अदृश्य अक्षरं लिहायची पद्धत आहे, लिनक्स आणि मॅकवर एक. एखाद्या एडिटरने ती बदलली की गिट डिफमध्ये फाइलची प्रत्येक ओळ काढली आणि पुन्हा घातली असं दिसतं. गिट डिफ -डब्ल्यू चालवा, म्हणजे मोकळ्या जागांचे फरक धरले जाणार नाहीत. आता डिफ रिकामा आला तर संशय पक्का समजा. कायमचा उपाय .गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये नियम लिहिणं हा आहे आणि तो सगळ्या सहकाऱ्यांशी बोलून करावा.

डिफमध्ये मजकूर नाही पण 'ओल्ड मोड १००६४४, न्यू मोड १००७५५' असं दिसलं, तर फाइल चालवण्याची परवानगी बदलली आहे. एका प्रकारच्या डिस्कवरून दुसरीकडे फोल्डर कॉपी केला की असं होतं.

९. मराठी नावाच्या फाइली आकड्यांत दिसतात

यासाठीच सुरुवातीला नाव इंग्रजीत ठेवायला सांगितलं. आता 'मराठी' अशा देवनागरी नावाची फाइल बनवा आणि स्टेटस चालवा. नावाच्या जागी अवतरणचिन्हांत \३४०\२४४\२५६ अशी आकड्यांची माळ येईल, फक्त पडद्यावर आकडे इंग्रजी असतील. फाइल बिघडलेली नाही. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि गिट ते बाइट अष्टमान पद्धतीत छापतं. वरचे तीन आकडे मिळून नुसता 'म' होतो. 'मराठी'त म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून पंधरा आकडे.

उपाय एका ओळीचा आहे:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ ऑफ

यानंतर स्टेटसमध्ये नावं स्वच्छ देवनागरीत दिसतात. मी तर नवा संगणक हातात आला की नाव आणि ईमेल नोंदवल्यावर लगेच ही ओळ चालवतो. आपल्या भाषेत फाइलींना नावं देण्यात काहीच गैर नाही आणि गिटला ती व्यवस्थित सांभाळता येतात.

१०. 'अप टू डेट'वर किती विश्वास ठेवायचा

स्टेटसमध्ये 'युअर ब्रँच इज अप टू डेट विथ ओरिजिन/मेन' असं आलं म्हणजे सर्व्हरवर (जिथे सगळ्यांची सामायिक प्रत असते) नवं काही नाही, असा अर्थ काढू नका. स्टेटस इंटरनेटवर जातच नाही. शेवटच्या वेळी सर्व्हरशी बोलणं झालं तेव्हा जी माहिती मिळाली होती, तिच्याशी ते तुलना करतं. ती माहिती तीन दिवसांपूर्वीची असेल तर उत्तरही तीन दिवसांपूर्वीचं. आधी गिट फेच (सर्व्हरवरची ताजी माहिती आणणारी कमांड), मग स्टेटस. फेच तुमच्या फाइलींना हात लावत नाही, त्यामुळे ते कधीही चालवा.

'अहेड बाय २' म्हणजे तुमची दोन कमिट अजून पाठवायची आहेत. 'बिहाइंड बाय २' म्हणजे दोन आणायची आहेत. 'हॅव डायव्हर्ज्ड' आलं तर दोन्हीकडे वेगवेगळं काम झालं आहे. तिथे जबरदस्तीने पुश करू नका (म्हणजे आपली कमिट सर्व्हरवर लादू नका), दुसऱ्याचं काम पुसलं जाऊ शकतं.

११. मर्ज अर्धवट अडकलं असेल तर

मर्ज म्हणजे दोन ब्रँचमधलं काम एकत्र करणं. 'यू हॅव अनमर्ज्ड पाथ्स' आणि खाली 'बोथ मॉडिफाइड' असं दिसलं की एकाच जागी दोघांनी बदल केलेत. छोट्या रूपात इथे दोन्ही रकान्यांत यू असतो. ती फाइल उघडा. आत सात डाव्या कोनांची ओळ, सात बरोबरच्या चिन्हांची ओळ आणि सात उजव्या कोनांची ओळ सापडेल. वरचा भाग तुमच्या ब्रँचचा, खालचा आणलेल्या ब्रँचचा. हवा तो मजकूर ठेवा, तिन्ही खुणांच्या ओळी काढा, सेव्ह करा आणि गिट अ‍ॅड करा.

इथे एक सापळा आहे. खुणा तशाच ठेवून अ‍ॅड केलं तरी स्टेटस ती फाइल सुटली असंच मानतं. अ‍ॅड करणं हीच त्याच्या लेखी 'सोडवलं' अशी ग्वाही असते, आत खुणा राहिल्यात का हे ते तपासत नाही. कमिटच्या आधी गिट डिफ --स्टेज्ड --चेक चालवा, राहिलेल्या खुणा ओळ क्रमांकासह मिळतील.

सगळ्या फाइली सुटल्या की स्टेटस म्हणतं, 'ऑल कॉन्फ्लिक्ट्स फिक्स्ड बट यू आर स्टिल मर्जिंग'. यातलं 'स्टिल' महत्त्वाचं आहे. मर्ज अजून पूर्ण झालेलं नाही, गिट कमिट करायचं राहिलं आहे. इथेच थांबून दुसऱ्या कामाला लागलात तर पुढचं कमिट करताना दोन्ही कामं एकात मिसळतील. आणि मर्ज सोडून द्यायचं ठरलं तर गिट मर्ज --अबॉर्ट. मात्र मर्जला सुरुवात करताना फोल्डर क्लीन असेल तरच ही कमांड तुम्हाला नेमकं पूर्वीच्या जागी आणून सोडेल असं धरून चाला. म्हणून मर्ज करण्याआधी एकदा स्टेटस बघा. 'वर्किंग ट्री क्लीन' आलं की सुरू करा. आलं नाही तर आधी कमिट किंवा स्टॅश.